देवाचं ऐकलं की पैसा येतो का?

वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. टेकडी चढताना दोन्ही अंगांना मेणाच्या वस्तू विकणारे बसलेले असतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात घेतो, ज्याचा पाय दुखतो तो पाय. मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. घर हवं असेल तर उतरत्या छपराचं, दार-खिडक्यांच्या खुणा असलेलं मुठीएवढं मेणाचं घर. गाडीही मिळते आणि परदेशी जायचं असेल तर विमानही. घेणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, हिंदू भरपूर असतात, पारशी-मुसलमानही दिसतात. मेणाचं घर मातेपुढे ठेवायचं आणि खरं घर मागायचं.

यात हसण्यासारखं मला काही वाटत नाही. ज्या शहरात वन रूम किचनसाठी माणूस वीस-वीस वर्षं हप्ते फेडतो, तिथे त्याने घर मागायला देवाकडे जायचं नाही तर कुठे जायचं? मी स्वतः मराठी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो. आमच्याकडे मेणाचं घर नसतं, पण मागणं तेच असतं. ते प्रार्थना-विनंतीच्या चिठ्ठीवर लिहून पाळकांकडे द्यायचं, एवढाच फरक.

घर मागावं का, यावर फारसा वाद नाही. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजची भाकर मागितलेली आहे. खरा वाद पुढचा आहे. देवाच्या सांगण्याप्रमाणे चाललं की समृद्धी येतेच का? आणि ती आली नाही, तर आपण नीट ऐकलं नाही असा त्याचा अर्थ घ्यायचा का? यावर ख्रिस्ती लोकांतच दोन टोकं आहेत. रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या काही सभांत सांगतात की तुम्ही राजाची लेकरं आहात, मग भाड्याच्या खोलीत का राहता? दुसऱ्या टोकाला आमच्या जुन्या मंडळ्यांतले काही वडीलधारे आहेत. पैशाचं नाव काढलं की ते नाक मुरडतात, आणि मुदत ठेवीची तारीख मात्र त्यांना तोंडपाठ असते. पवित्र शास्त्र या दोन्ही टोकांच्या पदरात फारसं काही टाकत नाही.

वचनं आहेत, पण कोणाला दिलेली?

समृद्धीची वचनं शास्त्रात नाहीत असं म्हणणं खोटेपणाचं होईल. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २८ वा अध्याय उघडून बघा. देवाच्या आज्ञा पाळाल तर नगरात आशीर्वाद, शेतात आशीर्वाद, धान्याची टोपली आणि कणीक मळायची परातसुद्धा आशीर्वादित. पाऊस वेळेवर पडेल, तुम्ही इतरांना कर्ज द्याल, स्वतः काढावं लागणार नाही. यशयाच्या ४८ व्या अध्यायात देव म्हणतो की तुमच्या हिताचं काय ते मीच शिकवतो, कोणत्या वाटेने जायचं ते मीच दाखवतो. तुम्ही माझं ऐकलं असतं तर तुमची शांती नदीसारखी वाहिली असती. म्हणजे ऐकणं आणि भलं होणं यांची सांगड शास्त्रानेच घातलेली आहे.

पण ‘अनुवाद’ २८ मध्ये आशीर्वाद चौदा वचनांत, म्हणजे श्लोकांत, संपतात आणि पुढची चोपन्न वचनं शापांची आहेत. कॅलेंडरवर फक्त पहिली चौदा येतात. शिवाय ही वचनं एका माणसाला दिलेली नाहीत. नव्या भूमीत वसू पाहणाऱ्या, शेती करणाऱ्या एका अख्ख्या लोकसमूहाला ती दिली होती आणि सोबत कायदेही होते. शेताचे कोपरे कापू नका, ते गरिबासाठी सोडा. दर सातव्या वर्षी कर्ज माफ करा. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. असं सगळे वागले तर त्या समाजात कोणाची उपासमार होणार नाही, हे समजायला चमत्काराची गरज नाही. ‘मी आज्ञा पाळली, माझं प्रमोशन कुठे आहे?’ असा एकट्याचा हिशोब त्यात बसत नाही.

आणि हा हिशोब चुकतो हे शास्त्रालाच ठाऊक आहे. ७३ व्या स्तोत्रात आसाफ सरळ तक्रार करतो की दुष्टांचं पोट सुटलंय, त्यांना कसलंही दुखणं नाही, आणि मी उगाच हात स्वच्छ ठेवले. ईयोब नावाच्या नीतिमान माणसाचं सगळं गेल्यावर त्याचे मित्र त्याला पटवत बसतात की तू काहीतरी पाप केलं असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. नीतिसूत्रांच्या ३० व्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाची प्रार्थना आहे: मला दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे, पोट फार भरलं तर मी तुला विसरेन आणि रिकामं राहिलं तर चोरी करेन. इतकी मध्यमवर्गीय प्रार्थना साऱ्या बायबलमध्ये दुसरी नसेल. ती पोस्टरवर मी कधी पाहिलेली नाही.

दोन वर्षं की सत्तर?

पोस्टरवर सर्वात जास्त असतं ते यिर्मया या संदेष्ट्याच्या (देवाचा निरोप सांगणाऱ्याच्या) पुस्तकातलं २९:११. तुमच्याविषयीचे माझे बेत हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणारे आहेत, असं ते वचन. १ जानेवारीला आणि दहावीच्या निकालाला हे व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्या वेळा येतं की मोजायचा कंटाळा येतो. पण ते मुळात एका पत्रातलं वाक्य आहे, आणि पत्राच्या मागे एक भांडण आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजाला, सरदारांना, सुतार-लोहारांना पकडून बाबेलला नेलं. मागे राहिलेल्यांना आणि गेलेल्यांना एकच प्रश्न पडला होता: हे संपणार कधी? हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, परमेश्वर सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची लुटलेली पात्रंही परत येतील. यिर्मया तेव्हा मानेवर लाकडी जू घालून फिरत असे, गुलामी लवकर सुटणार नाही हे दाखवायला.  यिर्मयाने काय करावं? तो म्हणाला, आमेन, परमेश्वर तसंच करो. मग लढाई आणि शांती यांवर दोन शब्द बोलला. हनन्याने ते जू काढून सर्वांदेखत मोडलं, तेव्हा यिर्मया निघून गेला. त्याच्याकडे तयार उत्तर नव्हतं. मला या प्रसंगात सर्वात खरं वाटतं ते हेच. खोट्या संदेष्ट्याला क्षणात उत्तर सुचतं, खऱ्याला थांबावं लागतं. नंतर तो परतला तो निरोप घेऊन: लाकडी जू मोडलंस, आता लोखंडी बनवलं गेलंय.

बाबेलमधल्या लोकांना यिर्मयाने पत्र पाठवलं ते याच सुमाराला. त्यात तो सांगतो, घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. सत्तर वर्षांनी मी तुम्हाला परत आणीन. आणि मग येतं ते अकरावं वचन.

सत्तर वर्षं म्हणजे पत्र ऐकणारी बहुतेक मोठी माणसं तिथेच मरणार होती. देवाचे बेत हिताचे होते, पण ते हित त्यांच्या पगाराच्या पावतीवर दिसणारं नव्हतं. ते नातवंडांच्या वाट्याचं होतं. नगर आणि जालन्याकडून नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना हे पत्र खरं तर जास्त कळायला हवं. आपलं नसलेलं शहर, तिथेच घर, तिथेच बाग (बाग म्हणजे खिडकीच्या जाळीतल्या दोन कुंड्या), आणि त्या शहराचं भलं हेच आपलं भलं.

स्वर्गाच्या खिडक्या

दुसरं आवडतं वचन मलाखी ३:१०. संपूर्ण दशांश भांडारात आणा, म्हणजे मी आकाशाच्या खिडक्या उघडून तुमच्यावर आशीर्वादाचा वर्षाव करतो की नाही, याची प्रतीती पाहा. अर्पणाची थैली फिरण्याआधी हे वाचलं जातं, आणि त्यातून ऐकणाऱ्याच्या मनात बसतं ते असं: दहा टक्के द्या, शंभर टक्के घ्या.

भांडार म्हणजे मंदिराची कोठार-खोली. तिथे नोटा येत नव्हत्या, धान्य, द्राक्षरस आणि तेल येत असे. त्यावर मंदिराची सेवा करणारे लेवी लोक जगत, कारण त्यांच्या वाट्याला जमीन नव्हती. ‘अनुवाद’ १४ प्रमाणे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा, आणि तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा. म्हणजे दशांश ही बऱ्याच अंशी गावाची अन्नसुरक्षा होती. मलाखीच्या काळात लोकांनी तो आणणं थांबवलं, पिकं टोळांनी खाल्ली, द्राक्षं गळाली. उघडलेल्या खिडक्यांतून येणार होता तो पाऊस.

आता त्याच अध्यायात पाच वचनं मागे जा. देव म्हणतो, मी न्याय करायला येतो आहे आणि साक्ष देणार आहे ती मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांविरुद्ध, विधवेला आणि अनाथाला छळणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क डावलणाऱ्यांविरुद्ध. दशांशाचा आरोप आणि मजुरीचा आरोप शेजारी-शेजारी आहेत. नाक्यावरून मजूर उचलायचे, पंधरा दिवस राबवायचे, शेवटच्या चार दिवसांचे पैसे ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून टांगून ठेवायचे आणि रविवारी दशांशाचं पाकीट अभिमानाने टाकायचं, अशा माणसाला मलाखीचं दहावं वचन वाचायचा हक्क पाचव्या वचनातून जातो. आमच्याकडे पाचवं वचन वाचलंच जात नाही, हे मला आजही खटकतं.

येशूने जिथे नकार दिला

देवाचं मार्गदर्शन पैशाच्या बाबतीत मागितलं तर काय होतं, याचं एक थेट उदाहरण लूकच्या १२ व्या अध्यायात आहे. गर्दीतला एक माणूस म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे म्हणून.

हे मुंबईत कोणालाही कळेल. चाळ पुनर्विकासाला निघाली, पावती थोरल्याच्या नावावर, धाकटा नालासोपाऱ्याला राहतो, आईचं आजारपण काढलं धाकट्याच्या बायकोने, आणि नवा चारशे-पाचशे फुटांचा ब्लॉक मात्र थोरल्याचा. धाकटा मंडळीत येऊन म्हणतो, पाळकसाहेब, तुम्ही जरा दादाशी बोला. त्याची बाजू खरीही असेल. येशूपुढच्या माणसाचीही असेल. तरी येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लगेच गर्दीला सांगतो, लोभापासून जपा, माणसाचं जीवन त्याच्या मालमत्तेच्या विपुलतेत नसतं. मग ती प्रसिद्ध गोष्ट येते: पीक उदंड आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला शेतकरी, आणि त्याच रात्री त्याला आलेलं बोलावणं.

हक्काचा वाटा सोडून द्या असं येशू इथे म्हणत नाही. कोर्ट आहे, सोसायटीचे नियम आहेत, वारसा कायदा आहे. त्यासाठी वकील गाठावा. पण देवाला आपल्या बाजूचा वकील करून घ्यायला तो तयार नाही. मार्गदर्शन मागणाऱ्याने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्याला मिळालं नाही. जो विचारला नव्हता, त्याचं मिळालं.

मग समृद्धीचा संदेश आला कुठून?

थोडक्यात सांगतो, कारण हा भाग तितका खोल नाही. विश्वासाने तोंडातून उच्चारलेलं प्रत्यक्षात येतं, ही कल्पना अमेरिकेत ई. डब्ल्यू. केनियन (१८६७–१९४८) यांच्या लिखाणातून आली आणि केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी ती घराघरांत पोहोचवली. ओरल रॉबर्ट्स यांनी ‘बीज’ पेरायची भाषा रूढ केली: पैसा पेरा, पैसा उगवेल. मग टीव्ही आला, उपग्रह वाहिन्या आल्या, आणि हे सगळं आपल्याकडेही पोहोचलं. कॅथलिकांत पोप फ्रान्सिस यांनी यावर उघड टीका केली, आणि जगभरच्या सुवार्तावादी प्रोटेस्टंटांच्या २०१० च्या केप टाउन जाहीरनाम्यातही ही शिकवण नाकारली आहे. म्हणजे ही मुख्य प्रवाहाची शिकवण नव्हे.

रॉबर्ट्स यांचं लाडकं वचन ३ योहान मधलं दुसरं: प्रिय मित्रा, तुझ्या जिवाची भरभराट होत आहे, तशी सर्व बाबतींत तुझी भरभराट व्हावी आणि तुझी प्रकृती चांगली राहावी अशी माझी प्रार्थना आहे. हे गायस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्रातलं मायन्यानंतरचं पहिलं वाक्य आहे. आपण ‘तुम्ही सर्व खुशाल असाल, पत्र लिहिण्यास कारण की’ लिहितो ना, त्यातलंच हे. खुशाल असाल या वाक्यावरून कोणी खुशालीची हमी काढत नाही.

मात्र या सभांतून लोकांचं कधीच भलं होत नाही, असंही म्हणता येणार नाही. एखादा माणूस तिथे जाऊन दारू सोडतो, मटका सोडतो, गुटखा सोडतो. समजा रोजचे दोनशे रुपये त्यात जात असतील, तर महिन्याचे सहा हजार वाचले. सोमवारचा खाडा बंद झाला, मुकादम पुन्हा हाक मारू लागला. वर्षभरात घरात फ्रिज येतो, मुलाची ट्यूशन लागते. तो साक्ष देतो की प्रभूने आशीर्वाद दिला, आणि ते खरंच आहे. फक्त हा आशीर्वाद पेरलेल्या पाकिटातून आला नाही, सुधारलेल्या वागण्यातून आला. गडबड होते ती पुढे. वाचलेले सहा हजार ‘बीज’ म्हणून मागितले जातात, किंवा त्याच्या शेजारणीला, जिच्या नवऱ्याची किडनी गेली आहे, तिला ऐकवलं जातं की तुझा विश्वास कमी पडतोय. ईयोबाचे मित्र अजून जिवंत आहेत, ते आता माइकवर बोलतात.

ऐकायचं म्हणजे काय?

शास्त्र नायगावला फ्लॅट घ्यावा की बदलापूरला, हे सांगत नाही. आखातातली नोकरी घ्यावी का, तेही नाही. पण काही गोष्टी ते इतक्या स्पष्ट सांगतं की त्यावर प्रार्थनासुद्धा लागत नाही. वजनमाप खोटं नको. लाच नको. मजुरी वेळेवर द्या. गरिबाच्या अडचणीवर व्याज कमवू नका. आईबापांना सांभाळा. माझं निरीक्षण असं की आम्ही जिथे शास्त्र गप्प आहे तिथे तीन-तीन दिवस उपास-प्रार्थना करतो आणि जिथे ते बोलतंय तिथे विचारतसुद्धा नाही. फ्लॅटसाठी साखळी प्रार्थना होते. त्या फ्लॅटच्या व्यवहारात रोखीने किती द्यायचे आणि करारात किती दाखवायचे, यावर प्रार्थना-विनंतीची चिठ्ठी अजून कोणी टाकलेली मला माहीत नाही.

जिथे शास्त्र गप्प आहे तिथे मंडळीच्या परंपरेत वाट काढायच्या काही जुन्या रीती आहेत: प्रार्थना, जाणत्यांचा सल्ला, परिस्थितीचं वाचन, आणि वेळ देणं. शत्रूशी लढायला निघण्याआधी गिदोनाने रात्री लोकर ठेवून देवाकडे खूण मागितली, ती गोष्ट लोक हमखास काढतात. पण गिदोनाला काय करायचं ते आधीच स्वच्छ सांगितलं होतं. त्याला धीर होत नव्हता म्हणून त्याने लोकर ठेवली. चिठ्ठ्या टाकणंही शास्त्रात आहे. येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाला प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकूनच निवडलं, पण पेन्टेकॉस्टच्या सणाला पवित्र आत्मा उतरल्यानंतर नव्या करारात पुन्हा कोणी चिठ्ठ्या टाकलेल्या दिसत नाहीत. म्हाडाच्या सोडतीच्या दिवसांत नीतिसूत्रे १६:३३ फार फिरतं, की चिठ्ठ्या पदरात टाकतात पण निर्णय परमेश्वराचा असतो. घर लागलं तर जरूर आभार माना. ज्यांना लागलं नाही त्यांनीही प्रार्थना केलेली असते, एवढं आभार मानताना लक्षात असू द्या.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, हा मला या बाबतीत सगळ्यांत उपयोगी वाटतो. प्रेषित पौलाला आशिया प्रांतात जायचं होतं, वाट अडली. बिथुनियाकडे वळला, तीही अडली. त्रोवसला रात्री दृष्टान्त झाला: मासेदोनियाचा एक माणूस बोलावतो आहे. सकाळी सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला की देव आपल्याला तिकडेच बोलावतोय. एकट्याचं स्वप्न, पण निर्णय सोबत्यांचा. आणि मार्गदर्शन अचूक असूनही झालं काय? फिलिप्पैला पोहोचल्यावर फटके बसले आणि पाय खोड्यात अडकले. याच फिलिप्पैकरांना पौल नंतर लिहितो की विपुलतेत कसं राहायचं आणि टंचाईत कसं राहायचं हे मी शिकलोय; मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो. जिमच्या टीशर्टवर छापलेलं हे वाक्य टंचाई सोसण्याबद्दल आहे.

कॅथलिक परंपरेत लोयोलाच्या इग्नेशियसचा (१४९१–१५५६) एक नियम आहे. मन उदास, कोरडं, बिथरलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. इग्नेशियस हा जेझुइट संघाचा संस्थापक. धोबी तलावाजवळचं झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये काढणारे ते हेच जेझुइट. साहेबाशी शुक्रवारी खटका उडाला, सोमवारी राजीनामा दिला आणि मग ‘प्रभूने दार बंद केलं’ म्हणून सांगितलं, हे मी अनेकांकडून ऐकलंय. इग्नेशियसने त्यांना थोडं थांबायला लावलं असतं.

आमच्या ओळखीच्या एका वयस्क पाळकांची पद्धत याहून साधी होती. एक जोडपं त्यांच्याकडे आलं. “पाळकसाहेब, नायगावला फ्लॅट बघितलाय. लोन मंजूर व्हावं म्हणून प्रार्थना करा.”

“करतो की. हप्ता किती बसतोय?”

“अठ्ठावीस हजार.”

“दोघांचा मिळून हातात किती येतो?”

“बावन्न.”

“बाळ झालं आणि ताईंनी नोकरी सोडली तर?”

दोघं गप्प. साहेबांनी मग डोळे मिटले आणि प्रार्थना केली, पण लोनसाठी नाही, दोघांना शहाणपण मिळावं म्हणून. बाहेर पडताना नवरा जरा फुगलाच होता. याकोबाच्या पत्रात शहाणपण मागणाऱ्याला ते मिळेल असं वचन आहे, लोनचं नाही. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात व्यापाऱ्यांना बोलणी बसली आहेत: आज-उद्या अमक्या शहरात जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, नफा कमवू असं म्हणता, उद्या काय होणार हे तुम्हाला ठाऊक नाही, तर प्रभूची इच्छा असेल तर, असं म्हणत जा. योजना करू नका असं याकोब म्हणत नाही. तिच्यावर आपला पूर्ण हक्क आहे असं समजू नका, इतकंच.

मुंबईत ज्यांनी ऐकलं

जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये मुंबईत आला. घरची स्थिती चांगली होती. इथे आल्यावर थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार नाकारला, देशी वस्तीत साध्या जागेत राहिला, ‘बॉम्बे गार्डियन’ चालवलं, आणि १८८८ मध्ये इथेच मेला. पुढे तो मेथडिस्टांत गेला. त्या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) तरुणपणी वर्षाला २८ पौंडांत राहायचा; उत्पन्न वाढून ६० झालं तरी खर्च २८ च ठेवला आणि उरलेलं वाटलं. वेस्ली कमावण्याच्या विरोधात नव्हता. प्रामाणिकपणे जितकं कमावता येईल तितकं कमवा, जितकं वाचवता येईल तितकं वाचवा, जितकं देता येईल तितकं द्या, अशी त्याची शिकवण होती. कुलाब्यात बोवेनच्या नावाचं चर्च आहे.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत झाला. त्याने त्यांच्या पदरात पडलं ते नातेवाइकांचं तुटणं आणि बायको-मुलाचा विरह. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही त्यांनी सोडली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. त्यांच्याकडे पैसा आला, चांगला आला, आणि तो दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांच्या ताटात गेला. मुंबईतल्या या तिघांपैकी कोणाचाही विश्वास कमी होता असं म्हणायचं धाडस समृद्धीचा कोणताही उपदेशक करणार नाही.

पाकीट टाकण्याआधी

व्यवहाराचं थोडं बोलतो. कोणी सभेत उभं राहून ‘प्रभू मला दाखवतोय, इथे कोणीतरी पन्नास हजारांचं बीज पेरणार आहे’ म्हणालं, तर ते भाकीत तपासायचा अधिकार पौलानेच दिलेला आहे: सर्व गोष्टी पारखा, चांगलं ते धरून ठेवा. इस्राएलच्या अहाब राजाकडे चारशे संदेष्टे होते आणि चारशेही त्याला जय मिळणार म्हणत होते. पाचवा-पन्नासावा कोणी वेगळं बोलत नाही, हीच तपासायची जागा असते. मंडळी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली आहे का, वरळीच्या धर्मादाय आयुक्तालयात हिशेब जातात का, पावती मिळते का, हे विचारणं अविश्वासाचं लक्षण नाही. चमत्कार दाखवून पैसे उकळणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, आणि तो कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. ‘आपल्याच विश्वासी बंधूची स्कीम आहे, महिना पाच टक्के’ असं कोणी प्रार्थनेनंतर चहाच्या वेळी सांगू लागलं, तर तिथे पवित्र आत्म्याला मध्ये आणायची गरजच नाही. नोंदणी नसलेल्या ठेव योजनांवर २०१९ पासून बंदी आहे.

आणि एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. हप्ते थकलेत, क्रेडिट कार्डाचं व्याज चढतंय, गावी आईच्या औषधाचे पैसे पाठवायचेत. तरी दशांश द्यायचा का? मार्कच्या सातव्या अध्यायात येशूने असाच एक प्रकार पकडला होता. लोक आईबापांना सांगत, तुम्हाला जे द्यायचं होतं ते मी ‘कुर्बान’ केलंय, म्हणजे देवाला वाहिलंय, आता तुम्हाला देता येत नाही. येशूने याला देवाची आज्ञा रद्द करणं म्हटलं. आईच्या औषधाचे पैसे आधी जातील. पौलाने करिंथकरांकडे वर्गणी मागताना, तीही यरुशलेमेतल्या गरिबांसाठी, लिहिलं होतं की उत्सुकता असली म्हणजे माणसाजवळ जे आहे त्या मानाने दान मान्य होतं, जे नाही त्या मानाने नाही. कार्डावर उचल करून दिलेला दशांश ‘जे नाही’ त्यातच मोडतो. तो पुढच्या महिन्यापर्यंत थांबू शकतो, बँकेचं व्याज थांबत नाही.